दूध उतू गेलं ते गाणं

चौथं गाणं सुरू झालं तशी नात खुर्चीत आक्रसून बसली.

दुपारचा खेळ, निम्मं थिएटर रिकामं. तिच्या एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला बाबा. पडद्यावर जुन्या कॉन्सर्टचा सिनेमा, लांब केसांची चार पोरं. आजोबांच्या तरुणपणी ज्यानं भल्याभल्यांना वेड लावलं होतं, तोच बँड. पहिली तीन गाणी आजोबांनी गुडघ्यावर ताल धरून, मान डोलावत ऐकली होती. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाचा कान. "ढोल जरा जास्त सोडलाय," एवढीच काय ती तक्रार.

पण चौथं गाणं म्हणजे ते गाणं.

घरातल्या कॅसेटवर ते रेडिओवरून उतरवलेलं होतं. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा आणि घरानं श्वाससुद्धा जपून घ्यायचा, अशी तेव्हाची रीत. त्या दिवशी गिटार ऐन रंगात आली आणि स्वयंपाकघरातून आजी ओरडली, "अहोऽऽ, दूध उतू गेलं की!" पाठोपाठ आजोबा वसकले, "गप गं! रेकॉर्डिंग चालू आहे!" ते सगळं गाण्यासकट टेपवर बसलं. नात जन्मायच्या आधीच आजी गेली. तिचा आवाज म्हणून घरात उरलं ते एवढंच.

गेल्या महिन्यात आजोबांच्या वाढदिवसासाठी नात ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला गेली, आणि मशीननं टेप चावून टाकली. नेमकी तिथंच. आजोबांच्या मुरलेल्या हातांनाही ती जोडता येईना. "जुनीच झाली होती गं," म्हणत त्यांनी चुरगळलेली फीत डबीत ठेवून दिली. त्यापेक्षा चांगले ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला तेव्हापासून वाटत होतं. आजची तिकिटं तिनंच काढली होती, आणि आता तेच तिला नडणार होतं.

गिटार सुरू झाली. स्वच्छ, लखलखीत, मध्ये कुणी म्हणून बोलणारं नाही. आजोबांचा ताल थांबला. त्यांचं एक बोट वर गेलं आणि तसंच राहिलं.

ती जागा आली.

नातीनं ठरवलं वगैरे काही नव्हतं. लहानपणापासून तिला हे गाणं असंच पाठ होतं. तोंडातून निघूनच गेलं, "अहोऽऽ, दूध उतू गेलं की!"

तोच हेल. शेवटचा 'की' तसाच वर उचललेला.

बाबा चमकून वळले. "अगं, ही तर आईच!"

मागच्या रांगेतून कुणीतरी खेकसलं, "श्शू! गप बसा की जरा!"

नात ओशाळून गेली. अंधारात आजोबांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला. महिनाभर छातीवर बसलेला धोंडा उतरल्यासारखं तिला वाटलं.

"तू बोल गं," आजोबा म्हणाले, "रेकॉर्डिंग चालू आहे."