नळीचे लाड

डॉक्टरांचं हे वागणं आजींना मुळीच पटलं नव्हतं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून वाचा बसलेली, उजवा हात लुळा पडलेला, अशा अवस्थेत आपण टेबलावर आडव्या. आणि हे गृहस्थ मांडीतल्या धमनीतून आत घातलेल्या बारीक नळीची मनधरणी करत बसलेत! "चल गं माझी बाय, वळ जरा. अशी रुसू नकोस."

नळी छातीपर्यंत जायची आणि तिथल्या वळणावर अडून बसायची. चार पोरं आणि तीन सुना वळणावर आणलेल्या आजींच्या मनात झणझणीत उत्तर तयार होतं, पण तोंडातून नुसतं "ब... ब..." निघत होतं.

"वयामुळे धमन्या फार वेड्यावाकड्या झाल्यात," डॉक्टर सिस्टरला म्हणाले. "आणखी उशीर झाला तर आजींचं बोलणं कायमचं जाईल. मनगटातून जाऊ."

मनगटातूनही तेच लाड. "शहाणी माझी ती! अजून थोडंसं, सोनुले!" या खेपेला मात्र सोनुली सुतासारखी सरळ वर गेली आणि गुठळी घेऊनच बाहेर आली.

डॉक्टर घाम पुसत आजींवर ओणवले. "आजी, काहीतरी बोला बघू. काहीही चालेल."

आजींनी आधी जीभ गालातल्या गालात फिरवून पाहिली. चालत होती.

"मेल्या, पहिल्यांदाच डोळे वटारले असतेस, तर मांडीतूनच मुकाट्याने गेली असती!"