अर्धा नियम

वेल्डरनं शह दिला आणि हात चोळले. "संपलं, फिटरमामा. चढवा बूट."

हरेल त्यानं टाकीत उतरून अ‍ॅसिडचा गाळ काढायचा, जिंकेल त्यानं वर दोरी धरायची, असं दोघांनीच ठरवलं होतं. कंपनीला काय, कुणीतरी उतरल्याशी मतलब.

दोघं दोन मुलखांतले, दोन्हीकडचं बुद्धिबळ निराळं. सहा महिने हुज्जत घालून त्यांनी त्याचा एक खेळ केला होता. नियम शेडच्या भिंतीवर खडूनं लिहिलेले. वेल्डरकडचा नियम: मारलेला मोहरा मारणाऱ्यानं आपला म्हणून परत पटावर लावायचा. फिटरकडचा: राजाला डावात एकदा घोड्याची उडी.

फिटरनं टाकीकडं पाहिलं. मग राजा उचलला. अडीच घरं.

शह सुटला. पुढच्या सहा खेळ्यांत वेल्डरवरच मात झाली.

"पळपुटा आहे तुमच्याकडचा राजा!"

"भिंतीवर लिहिलंय."

"लिहिलंय खरं. तुमचा नियम, तुम्ही सांगाल तसा." वेल्डर हसला, चौदा नंबरचं हेल्मेट घातलं आणि शिडीनं खाली गेला.

बादली भरली की तो दोरीला दोन हिसके द्यायचा. सात बादल्या वर आल्या. आठवीला हिसका आलाच नाही. फिटर ओढत राहिला, बोंबलत राहिला.

चौघांनी वेल्डरला बाहेर काढलं आणि ताडपत्रीत गुंडाळून नेलं. हेल्मेट नेलं नाही. ते कंपनीचं होतं.

सुपरवायझरनं ते नळाखाली धरलं, झटकलं आणि सकाळपासून गेटवर कामासाठी ताटकळलेल्या एकाच्या डोक्यावर ठेवलं.

तो शेडमध्ये आला. मोडलेला डाव पाहिला, भिंत वाचली आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे, ही उडी तर आपल्या मुलखातली! पण काका, एकदा शह बसला की उडी गेली. ते लिहायचं राहिलं की."

फिटरच्या हाताला दोरीचे वळ उठले होते. त्यानं मुठी मिटल्या.

"राहिलं."

सुपरवायझरनं दारातून डोकं आत घातलं. "काय ते खेळून ठरवा लवकर. टाकी अर्धीच झालीय."

चौदा नंबर समोर बसला आणि मोहरे मांडायला लागला.