वेगळी दोरी

दवाखान्याच्या बाकावर सोनाली धाकट्या जावेपासून एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसली होती. जयश्रीच्या अंगावरून पांढरं जात होतं, वास येत होता, खाज थांबत नव्हती. साड्यांच्या खात्यात, कारखान्यात, कामाला जाणारी बाई. कुठून काय घेऊन आली, देव जाणे! सासूबाईंनी तिच्या कपड्यांना गटाराकडची दोरी वेगळी करून दिली होती. त्यांच्या वस्तीत, डिंडोलीत, हरिनाम सप्ताह बसलेला, उद्या काला. महाप्रसादाच्या पुऱ्यांनाही तिचा हात नको म्हणाल्या. दोरीची गाठ मात्र सोनालीनं मारली होती.

आली आहे तर आपलीही तपासणी तिनं हौसेनं करून घेतली. घरात एकीचा तरी रिपोर्ट चांगला दिसू दे.

गुजराती डॉक्टरबाईंनी दोन्ही रिपोर्ट पाहिले. "जो बहेन, जंतू दोघींना एकच निघालाय."

"माझा रिपोर्ट बदलला असेल. मला तर काहीच होत नाही!"

"नाव एक, प्रकार वेगळे असतात. घरात दोन भाऊ, आडनाव एकच; पण एक शांत, एक भांडखोर, असं असतं ना? हिच्यातला छळतोय, तुमच्यातला गुपचूप बसलाय. यावरून कुणाच्या चालचलणुकीवर बोट ठेवू नका. हिला गोळ्या देते. तुम्हाला त्रास नाही, तर औषध नको."

औषध नको, म्हणजे घरी कळायचंही नाही. सोनालीनं चोरून जावेकडे पाहिलं. ही सांगेल?

रिक्षात जयश्री एवढंच बोलली, "भांडखोर भाऊ तुमच्या वाट्याला आला ताई, भांडखोर जंतू माझ्या. फिट्टंफाट!" आणि हसली. सोनालीला ते हसणंही खरं वाटेना.

दारात सासूबाई, सरलाबाई, भलीमोठी परात घेऊन पुऱ्यांची कणीक चाळत होत्या. मंडपात बुवांनी माइकवर विठ्ठलनामाचा सूर लावला होता.

"काय म्हने डाक्टर? काय निंघनं तिले?"

जयश्री नुसती सोनालीच्या तोंडाकडे बघत राहिली.

सोनाली मोरीत गेली. सकाळी भिजवलेली आपली साडी पिळली, घरची दोरी ओलांडून गटाराकडे गेली आणि जयश्रीच्या साडीशेजारी ती वाळत घातली.

"अवं, ती दोरी तिनी शे!"

"माझी पण आहे, आत्याबाई. दोघींना एकच निघालं."

सरलाबाईंची चाळणी थांबली. त्यांनी दोरीवरच्या दोन साड्यांकडे पाहिलं, मग परातीतल्या कणकेकडे.

"मंग पुऱ्या कोन लाटी?"