बटणावरचा अंगठा

सकाळी दहाला कुमुद बोलणार होती, म्हणून भालचंद्र चित्राव साडेआठपासूनच गच्चीवर वॉकीटॉकी घेऊन बसले होते. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. पण वायरलेसवर बोललेलं हल्ली एकोणीस वर्षांनी, एकदाच, परत यायचं. गावभर लोक आपली जुनी भांडणं ऐकून नव्याने भांडत होते.

परतीचे आवाज बिघडू नयेत म्हणून शेजारच्या रेग्यांनी सेटमध्ये ऐकायचा चॅनेल एक आणि बोलायचा दुसरा भरून दिला होता. "फक्त बटण दाबू नका, चित्राव," स्वतःचा सेट घेऊन शेजारी बसत ते म्हणाले. "दाबलंत की सेट बहिरा होतो. त्या दिवशी तेच केलंत ना?"

"तेच. तिचं शेवटचं बोलणं राहिलं."

दहा वाजले. खरखरीतून कुमुद आली. "अहो, मंडईत आहे. वांगी घेऊ की दोडका? आणि हे बघा..."

"ओव्हर म्हण आधी!" चित्राव ओरडले. जन्माच्या सवयीने अंगठा बटणावर गेला होता. तो उचलला तेव्हा नुसती खरखर उरली होती.

त्यांनी रेग्यांच्या हातातल्या सेटकडे पाहिलं. "तुम्ही ऐकलंत? काय म्हणाली?"

रेगे घुटमळले. "म्हणाल्या, 'ओव्हर मी मुद्दामच म्हणत नाही. म्हटलं की तुम्ही सुरू होता, आणि मला अजून थोडं बोलायचं असतं.'"

"मग?"

"मग म्हणाल्या, ओव्हर."

आता पाळी चित्रावांची होती. त्यांनी बटण दाबलं आणि कितीतरी वेळ नुसतंच धरून ठेवलं.