लाडकीची मोजणी

दुपारी तीनला सुनावणी होती आणि साडेबारा वाजले तरी डिस्क उघडायला तयार नव्हती. पालघरच्या त्या छोट्या संस्थेच्या कार्यालयात वैभवी सकाळपासून लॅपटॉपसमोर मान मोडून बसली होती. समोरच्या बाकावर लाडकी, डोंगराकडच्या पाड्यावरून पहाटेच निघून आलेली. तिने एकदाही ‘झालं का’ म्हणून विचारलं नव्हतं, आणि वैभवीला त्याचाच जास्त ताण येत होता.

लाडकीचा वनजमिनीचा दावा पावणेतीन एकरांचा. मंजुरीच्या कागदावर उतरली सव्वा एकर. वरची नागलीची उतरण नकाशातून पुरती गायब. ती कचेरीतल्याच कुणीतरी खाल्ली, याबद्दल पाड्यात कुणाला शंका नव्हती, वैभवीलाही नव्हती. सहा वर्षांपूर्वी मोजणीचं यंत्र हातात धरून लाडकी स्वतः हद्दीवरून चालली होती. ती मूळ मोजणी पुढे ठेवली की साहेबांची बोलती बंद. फक्त ती होती संस्थेच्या बंद पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये.

काल बोईसरच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराने डिस्क आपल्या मशीनला लावून पाहिली आणि कोरी आहे, फॉरमॅट मारू का, असं विचारलं. वैभवीने ती त्याच्या हातातून जवळपास हिसकावूनच आणली. कोरी कुठली? आतले भाग लिनक्स प्रणालीच्या पद्धतीने पाडून एका नावाच्या गटात बांधलेले, ते हुकूम दिल्याशिवाय जागे होत नाहीत. हुकूम दिला, तर लॅपटॉप म्हणे, या नावाचा गट माझ्याकडे आधीच आहे. जुना कॉम्प्युटर आणि हा लॅपटॉप, दोन्ही वैभवीनेच बसवलेले, तेव्हा गटाला वेगळं नाव द्यायचा कंटाळा केलेला. स्वतःला एक शिवी हासडून तिने डिस्कवरच्या गटाचा लांबलचक क्रमांक शोधला, त्याचं नाव बदललं आणि पुन्हा हुकूम सोडला. काळ्या पडद्यावर एक ओळ आली. दोन भाग जागे झाले होते.

फोल्डर उघडलं. लाडकीच्या नावाची फाइल होती, तारखेसकट. वैभवीचे डोळे चुरचुरत होते, तरी तिला हसू आलं. नकाशावर लाडकी चालली त्या वाटेची लाल रेघ उमटली, तिच्याशेजारी तिने मंजुरीचा कागद धरला.

दोन्ही रेघा तंतोतंत जुळत होत्या.

कुणी काही खाल्लं नव्हतं. रेघ ओहोळाकडून वर चढत आली होती आणि उतरणीच्या पायथ्याशी सरळ आत वळून बांधाबांधाने खाली उतरली होती.   वैभवीने लॅपटॉप लाडकीकडे वळवला आणि रेघेवर बोट ठेवलं.

“मावशी, इथून वर का नाही गेलात? करवंदीच्या जाळीपर्यंत तुमचंच आहे ना?”

“आमचंच हाय.” लाडकी पडद्याजवळ वाकली. आपण कुठून चाललो ते तिने बोटाने सावकाश गिरवलं, आणि बोट बांधाशी थांबलं.

“तवा नागली उबी होती, बाय. पार जाळीला भिडली होती.” तिने वैभवीकडे पाहिलं. “उब्या पिकात पाय कसा घालायचा?”