सर्टन

खलाशी असलेल्या बाबांचं जहाज बुडाल्याची बातमी आल्यापासून आईने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी कंपनीचा इंग्रजी निरोप मोबाइलवर आला, तसा तिने फोन सातवीतल्या लेकीच्या हातात कोंबला. "वाच गं लवकर, जीव टांगणीला लागलाय." ‘सर्टन’ खलाशी वाचले, एवढं लेकीला कळलं. शब्दकोशात बघून ती आनंदाने ओरडलीच, "सर्टन म्हणजे निश्चित! बाबा नक्की वाचलेत, आई!" आई मटकन बसली, हसता हसता रडू लागली. लेकीचं बोट मात्र पुढच्या अर्थावर अडकलं होतं: ‘काही; सगळे नव्हेत.’ लपवायचं कसं आणि सांगायचं कसं? तिने ती ओळ कशीबशी वाचून दाखवली. आईने शब्दकोश हिसकावला, त्याच ओळीवर बोट रोवलं. "मग या काहींत तुझे बाबा आहेत. असंच लिहिलंय ना? पुन्हा वाच."