साहेब घरी कधी असतात?

"दुपारी घरात कोण असतं?" दुकानदार बसवराजनं विचारलं.

समीक्षानं कडेवरच्या सुकन्याला घट्ट धरलं. कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या बाईला हे कशाला विचारायचं?

"का बरं?"

"मशीन बसवायला यावं लागंल ना, ताई. गेलो अन् दाराला कुलूप, असं लई येळा व्हतंय."

उत्तर पटण्यासारखं होतं. पण मागच्याच महिन्यात तिच्या गल्लीत, भरदुपारी, टीव्ही दुरुस्तीला आलोय म्हणून दोघं जण एका घरात शिरले होते. म्हातारीला खुर्चीला बांधून घर धुऊन नेलं होतं. तेव्हापासून समीक्षा दूधवाल्याशीही दाराच्या फटीतूनच बोलायची. नवरा आनंदराज मुरुडच्या शाळेवर शिक्षक होता. शनिवारी नांदेडला यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मधले दिवस ती आणि अडीच वर्षांची सुकन्या. खालच्या घरमालकीण सुमनबाई लेकीच्या बाळंतपणाला भोकरला गेल्या होत्या.

पण कॉम्प्युटर हवाच होता. एका क्लासच्या प्रश्नपत्रिका घरी बसून टाइप करण्याचं काम तिला मिळालं होतं. कोणता घ्यावा, यातलं तिला काहीच कळत नव्हतं.

"गेम खेळणार का कुणी?"

"नाही. फक्त टायपिंग."

"मग ग्राफिक कार्ड घेऊच नका. त्यापेक्षा ही एसएसडी टाका." त्यानं बिस्किटाएवढी एक चपटी वस्तू तिच्यासमोर ठेवली. "मशीन झटक्यात चालू व्हतंय. रॅम आठची बास. कितव्या मजल्यावर ऱ्हाता?"

"दुसऱ्या."

"कुठं ठेवणार? खिडकीपाशी? खिडकी रस्त्याकडं हाय का? धूळ लई बसती, म्हणून इचारलं."

"हो... रस्त्याकडेच."

"लेकरू हे एकच ना? मग सीपीयूचा डबा खाली ठेवू नका. बटन दाबत बसंल दिवसभर."

सुकन्या त्याच्याकडे बघून हसली. समीक्षाला हसू आलं नाही. दुसरा मजला, रस्त्याकडची खिडकी, एकच लेकरू, दुपार. तो एकेक करून सगळं काढून घेत होता, आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे कारण होतं.

"विंडोज, मराठी फॉन्ट, सगळं मीच टाकून देतो. त्याचं काय लावत न्हाई मी," तो पावतीपुस्तक ओढत म्हणाला. "मालक काय करतात, ताई?"

"पोलिसात आहेत," तिच्या तोंडून निघून गेलं. "सायबरला."

पेन थांबलं. त्यानं पहिल्यांदाच नीट वर बघितलं.

"इथंच?"

"इथंच. एसपी ऑफिसला."

"साहेब घरी कधी असतात, मॅडम?"

ताईची मॅडम झाली होती.

"त्यांचा काही नेम नसतो. कधीही येतात."

ऑटोत बसल्यावर तिला आधी स्वतःचं कौतुक वाटलं. मग वेगळाच विचार आला. सरळ माणसाचा चेहरा पोलिसांच्या नावानं असा उतरेल कशाला?

संध्याकाळी तो मशीन घेऊन आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. सगळ्या वायरी जोडून झाल्यावर भिंतीवरच्या आनंदराजच्या फोटोसमोर मात्र थबकला.

"हेच का साहेब?"

"हो. यांना वर्दी नसते. साध्या वेशात."

तो घाईनं जिना उतरून गेला.

दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. "साहेब घरी हायत का?" आवाज त्याचाच. "आंघोळ करतायत," ती म्हणाली. फोन कट झाला.

तिसऱ्या दिवशी समोरच्या किराणा दुकानापाशी तो मोटरसायकलवर बसलेला दिसला. नजर वर, खिडकीकडे.

तिनं आनंदराजला फोन लावला. तो हसायला लागला. "मशीन नीट चालतंय का बघायला आला असंल गं. आणि मला पोलिसात भरती केलंस ते विचारून तरी करायचं! माझी छाती भरते का बघ आधी."

"तुला चेष्टा सुचतेय. इथं मी एकटी आहे."

"शनिवारी येतोच आहे की."

त्या दिवशी गुरुवार होता.

शुक्रवारी दुपारी सुकन्या आतल्या खोलीत झोपली. गच्चीवरचे कपडे काढायला समीक्षा वर गेली. दोन मिनिटांचं काम म्हणून दार नुसतं लोटून घेतलं होतं.

ती खाली आली तर दार उघडं होतं आणि बसवराज आत उभा होता. खांद्याला पिशवी. आतल्या खोलीकडे मान वाकवून तो हळूच म्हणत होता, "साहेब? ओ साहेब?"

कपडे तिच्या हातून खाली पडले. त्याच्या बाजूनं ती आत धावली, ओट्यावरचा बत्ता उचलला आणि सुकन्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. फोन आत, लेकीच्या उशाशी होता.

"साहेब न्हाईत ना?" तो म्हणाला. "खाली गाडी बी दिसली न्हाई."

"येतायत. पाच मिनिटांत."

"मग लवकर उरकाया पाहिजे."

त्यानं मागे वळून दार लावलं. कडी घातली. खिडकीचा पडदा ओढला.

"कुणी बघाया नको," तो पुटपुटला. "मॅडम, आवाज करू नका. दहा मिनिटांचं काम हाय."

आत सुकन्या कूस बदलून कण्हली. समीक्षानं बत्ता दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

बसवराजनं पिशवीत हात घातला. बाहेर आली ती एक सीलबंद डबी. ती त्यानं दोन्ही हातांनी पुढं धरली.

"पाया पडतो, मॅडम. साहेबांना कळायच्या आत तेवढी चोरीची विंडोज काढून ओरिजनल टाकू द्या."